व्हीएआर काय बघतो आणि टीव्ही काय दाखवतो

३० सप्टेंबर २०२३. लंडनमध्ये टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांचा प्रीमियर लीगचा सामना, ३४वं मिनिट, दोन्ही बाजूंनी गोलशून्य. मोहम्मद सलाहच्या पासवर लुईस डियाझने चेंडू जाळ्यात धाडला आणि साहाय्यक पंचाचं निशाण वर गेलं: ऑफसाइड. व्हिडिओ कक्षाने प्रसंग तपासला. डियाझ ऑफसाइड नव्हता, हे तिथे स्वच्छ दिसलं. तरीही गोल मिळाला नाही आणि लिव्हरपूलने सामना १-२ असा गमावला.

असं काही घडलं की खापर तंत्रज्ञानावर फुटतं. या सामन्यात तंत्रज्ञानाचा काहीच दोष नव्हता. इंग्लंडमधल्या पंचांचं काम पाहणाऱ्या पीजीएमओएल या संस्थेने तीन दिवसांनी कक्षातलं संभाषण खुलं केलं, तेव्हा खरा प्रकार कळला. मैदानावर गोल दिलेलाच आहे, अशी व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ कक्षातल्या साहाय्यक पंचाची, समजूत झाली होती. म्हणून डियाझ ऑनसाइड दिसताच त्याने ‘चेक कम्प्लीट’ सांगितलं. मैदानावरच्या पंचाने त्याचा अर्थ घेतला, की दिलेला निर्णय बरोबर, म्हणजे ऑफसाइड. फ्री किक घेऊन खेळ सुरूही झाला. गफलत आधी ध्यानात आली ती रिप्ले लावणाऱ्या तंत्रज्ञाच्या, त्याने विचारलंही. पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर अशा निर्णयाकडे मागे वळता येत नाही, हा नियम. कक्षातली माणसं हतबल झाली. अंतिम निर्णय मैदानावरच्या पंचाला कळवण्याआधी तपासणीचा निष्कर्ष कक्षातल्या दुसऱ्या, साहाय्यक व्हीएआर पंचाशी बोलून पक्का करायचा, ही पद्धत त्यानंतर घालून दिली गेली.

व्हीएआर म्हणजे कॅमेरा नव्हे, पडद्यांसमोर बसलेला पंच, ही गोष्ट अजूनही पुरती रुजलेली नाही. गोलरेषा तंत्रज्ञान निराळं: चेंडू रेषेपार गेला की पंचाच्या घड्याळावर आपोआप इशारा येतो. व्हीएआरमध्ये आपोआप असं फार थोडं घडतं.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाचा दुसरा गैरसमज डीआरएसमधून येतो. संघाने रिव्ह्यू मागायचा, वाया गेला तर एक कमी, हा हिशेब इथे नाही. व्हीएआरच्या पद्धतीत कर्णधार किंवा प्रशिक्षक काही मागू शकत नाही. (प्रशिक्षकाला मोजक्या वेळा दाद मागू देणारी ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ नावाची वेगळी, कमी खर्चाची पद्धत २०२४च्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात वापरली गेली.) शिवाय व्हीएआर प्रत्येक शिट्टी तपासत नाही. २०१८ मध्ये तो खेळाच्या नियमांत आला, तेव्हा चारच प्रसंग त्याच्या हद्दीत ठेवले गेले: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड. डियाझच्याच सामन्यात लिव्हरपूलच्या डिओगो जोटाला लागोपाठ दोन पिवळी कार्डं मिळून बाहेर जावं लागलं. त्यातलं पहिलं कार्ड रिप्लेत अगदी अन्यायाचं वाटत होतं. टॉटनहॅमच्या उडोगीला त्याचा धक्का लागलाच नव्हता. पण पिवळं कार्ड तपासण्याची मुभाच व्हीएआरला नव्हती. लिव्हरपूलच्या चाहत्यांचा संताप समजण्यासारखा होता. रोख मात्र नियमाकडे हवा होता.

त्या संध्याकाळी आणखी एक कार्ड गाजलं. लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सचा पाय टॉटनहॅमच्या बिसूमाच्या घोट्याजवळ लागला. पंच सायमन हूपर यांनी आधी पिवळं कार्ड दाखवलं आणि मैदानाकडेचा पडदा पाहून ते लाल केलं. स्लो मोशनमध्ये सत्य अधिक दिसतं, असं आपण धरून चालतो. स्पर्श नेमका कुठे झाला, चेंडू कोणाला लागला, एवढ्यापुरतं ते खरंही आहे. धडकेचा जोर मात्र संथ चित्रात कळत नाही, हेतू तर नाहीच. युरोपातल्या अव्वल पंचांवरच्या एका अभ्यासात, तेच प्रसंग संथ गतीत पाहणाऱ्यांनी शिक्षा अधिक कडक दिल्याचं आढळलं. म्हणूनच व्हीएआरच्या कार्यपद्धतीतच लिहिलं आहे, की तीव्रता जोखायची तर नेहमीच्या वेगाने पाहा. टीव्हीवर मात्र तोच घोटा पाच वेळा, पाच कोनांतून वळताना दाखवतात आणि तज्ज्ञ त्यावर बोलतात.

ऑफसाइडची रेषा मिलिमीटरपर्यंत अचूक असते, हाही तसाच भ्रम. सेकंदाला ५० चित्रं टिपली जात असतील, तर ताशी ३० किलोमीटरने धावणारा खेळाडू दोन चित्रांमध्ये १६-१७ सेंटिमीटर पुढे सरकतो. पास नेमका कुठल्या चित्रात सुटला, ते माणूस ठरवत असे. २०२२च्या कतार विश्वचषकात १२ कॅमेरे आणि सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा चेंडू आला, आणि ही त्रुटी बरीच कमी झाली. प्रीमियर लीगने अशा प्रकारचं अर्धस्वयंचलित ऑफसाइड तंत्र एप्रिल २०२५ पासून वापरलं. तरीही ऑफसाइड असलेल्या खेळाडूने गोलरक्षकाची दृष्टी अडवली का, हे ठरवायला पंचच लागतो.

राहिला स्टुडिओ. गॅरी नेव्हिल किंवा जेमी कॅरॅगर यांच्यासारखे टीव्हीवरचे तज्ज्ञ “माझ्या मते पेनल्टीच” म्हणतात, तेव्हा ते एका प्रश्नाचं उत्तर देत असतात: फाऊल होता का? व्हीएआरपुढचा प्रश्न वेगळा आहे: मैदानावरच्या पंचाने उघड आणि स्पष्ट चूक केली का? पहिल्याचं उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’, असं अनेकदा घडतं आणि त्यात विसंगती काहीच नाही. प्रीमियर लीगची स्वतंत्र समिती दर आठवड्याला वादग्रस्त प्रसंग तपासते. तिच्यात तीन माजी खेळाडू किंवा प्रशिक्षक असतात, शिवाय लीग आणि पीजीएमओएल यांचा एकेक प्रतिनिधी. मैदानावरचा निर्णय आणि व्हीएआरची भूमिका, या दोन्हींवर तिथे वेगवेगळं मतदान होतं. ‘पंच चुकला, पण व्हीएआरने हस्तक्षेप केला नाही ते योग्यच’ असा निकाल तिने अनेकदा दिला आहे.

प्रेक्षकाला कक्षातलं संभाषण थेट ऐकू येत नाही. नियमानुसार ते थेट प्रक्षेपित करता येत नाही. पंचांचे प्रमुख हॉवर्ड वेब मायकेल ओवेनसोबतच्या कार्यक्रमात त्यातले निवडक तुकडे ऐकवतात, पण तोवर बरेच दिवस उलटलेले असतात. तोपर्यंत टीव्हीने एवढं तरी करावं: रिप्ले दाखवण्याआधी मैदानावरचा मूळ निर्णय पडद्यावर लिहावा, एकदा नेहमीचा वेग दाखवावा आणि मगच तज्ज्ञाला विचारावं.