पूर्वेकडे तोंड, हाताला काम

१६ एप्रिल २०२४. दुपारी दुबईवरचं आभाळ हिरवट-काळं झालं आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. करामातल्या आमच्या इमारतीखाली उभ्या असलेल्या गाड्यांची चाकं संध्याकाळपर्यंत दिसेनाशी झाली. अमिरातीत पावसाच्या नोंदी १९४९ पासून आहेत. त्यातला हा सगळ्यांत मोठा पाऊस. अल ऐनकडच्या खतम अल शकला या ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पडला. मी वसईचा. जुलैत असा एखादा दिवस आमच्याकडे येऊन जातो, पण वाळवंटात पाणी जायचं कुठं?

रात्री दार वाजलं. शेजारची मावशी, आमच्या वसईकडच्याच नंदाखालची, मुलाच्या व्हिसावर इथं राहणारी. हातात मोबाईल. "बाळा, आशीर्वादाची मेणबत्ती आहे का रे तुझ्याकडे? तीन दिवस काळोख पडणार म्हणतात. माझी गावाला राहिली." मी २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, चर्चमधून आणलेली एक मेणबत्ती दिली. तिनं ती माझ्याच टेबलावर पेटवली, क्रूसाची खूण केली, डोळे मिटून एक 'नमो मारिये' म्हटलं. मग डोळे उघडून विचारलं, "उद्या ऑफिस असलं तर डब्याला सुकट चालेल ना?"

त्या एका प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे.

जगाच्या अंताच्या बातम्या मी एका वहीत टिपत आलो आहे. सुरुवात १९९९ ची. तेव्हा वसईत आजी मेणबत्त्या आणि काडेपेट्या साठवत होती. पहिल्या पानावर तीन दिवसांचा काळोख आहे. आमच्या वाड्यांमध्ये ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते: दारंखिडक्या लावून घ्यायच्या, बाहेर बघायचं नाही, फक्त आशीर्वादाची मेणबत्ती जळेल. हे भाकीत ॲना मारिया तैजी या बाईंच्या नावावर खपतं. त्यांच्याविषयी वाचायला लागलो आणि मी थक्क झालो. १७६९ ते १८३७ हा त्यांचा काळ. रोममधल्या किजी घराण्याच्या वाड्यात नवरा चाकरीला, पदरात सात मुलं, त्यांतली काही लहानपणीच गेलेली. हाताशी पैसा कमी आणि दाराशी गरजू माणसं कायमची. १९२० मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, ते पत्नी आणि आई म्हणून त्या जशा जगल्या त्यासाठी. भाकीत खरं मानण्याची सक्ती ख्रिस्तसभेनं कुणावरही केलेली नाही. आपण मात्र त्यांचा काळोख तेवढा लक्षात ठेवला आणि त्यांची चूल विसरलो.

वहीत दुसरं मोठं प्रकरण 'शेवटच्या पोप'चं. बाराव्या शतकातले आयरिश आर्चबिशप संत मलाखी यांच्या नावे ११२ छोट्या वाक्यांची एक यादी फिरते, प्रत्येक पोपसाठी एक. ती पहिल्यांदा छापली गेली १५९५ मध्ये, आर्नल्ड विऑन या बेनेडिक्टाइन संन्याशाच्या ग्रंथात, म्हणजे मलाखींच्या मृत्यूनंतर साडेचारशे वर्षांनी. छपाईच्या थोडं आधीपर्यंतची वाक्यं त्या त्या पोपना नेमकी लागू पडतात आणि त्यानंतरची धूसर होतात. यादी कधी रचली गेली, हे अभ्यासकांनी त्यावरूनच ओळखलं. मोजणाऱ्यांच्या हिशेबानं पोप फ्रान्सिस शेवटचे. २१ एप्रिल २०२५ ला ते गेले, त्या आठवड्यात माझ्या फोनवर ही यादी अकरा वेळा आली. ८ मे रोजी चौदावे लिओ पोप झाले. वहीतल्या त्या नोंदीवर मी लाल रेघ मारली.

ही भीती टाकाऊ आहे असं मी कधीच म्हणणार नाही. प्रभू पुन्हा येणार हे आम्ही दर रविवारी श्रद्धासूत्रात मोठ्यानं म्हणतो. ज्याला हे खरं वाटतं त्याच्या पोटात युद्धाची, पुराची, साथीची बातमी ऐकून खड्डा पडणारच. मार्च २०२० मध्ये इथली चर्चेस बंद झाली. मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, मोबाईलच्या पडद्यावर आली. २७ मार्चच्या रात्री पावसात भिजणाऱ्या रिकाम्या संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे चालत गेले, तेव्हा माझ्या खोलीतले तिघंही पुरुष रडले. प्रश्न भीती वाटते का हा नाहीच. भीती घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचं कसं, हा आहे.

ख्रिस्तसभेनं त्याचं उत्तर पंचांगात ठेवलं आहे. वाचकांच्या घरी दिवाळीचा फराळ संपत येतो, तेव्हा आमचं उपासनेचं वर्षही संपत येतं. २ नोव्हेंबरला मृतांचं स्मरण. महिनाअखेरीला ख्रिस्तराजाचा सण आणि त्यानंतरच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नवं वर्ष. ख्रिस्तराजाच्या आधीच्या रविवारी दर वर्षी शेवटाकडे बोट दाखवणारी वाचनं येतात. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, आणि त्यातल्या तिसऱ्या वर्षाची जुळणी मला सगळ्यांत जास्त भावते. त्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानातून मंदिराचा विध्वंस, युद्धं, भूकंप, साथी असं सगळं वाचलं जातं. पण त्याच्या आधी, दुसरं वाचन म्हणून, पौलाचं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र येतं. त्यात तो सांगतो की आपण त्यांच्यात राहिलो तेव्हा रात्रंदिवस कष्ट करून आपली भाकर मिळवली, आणि ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये.

पौलानं हे का लिहिलं? प्रभूचा दिवस येऊन ठेपला, अशी आवई थेस्सलनीकात उठली होती. पौलाच्याच नावानं पत्र आल्याची बोलवाही होती. त्याच पत्रात तो बजावतो की असल्या गोष्टींनी गडबडून जाऊ नका. म्हणजे आजचं मोबाईलवरचं पुढे पाठवलेलं पत्र तेव्हाही होतं! काहींनी हातातलं काम सोडलं होतं आणि ते लोकांच्या भानगडींत नाक खुपसत होते. पौल स्वतः तंबू शिवणारा कारागीर. त्यानं त्यांना तारीख काढून दिली नाही, हातात काम दिलं. पुढं संत ऑगस्टिनपाशीही हाच प्रश्न आला. ४१८ च्या सूर्यग्रहणानंतर हेसिखियस नावाच्या बिशपनं त्यांच्याकडे शेवटाविषयी विचारणा केली. ऑगस्टिन यांनी लांबलचक उत्तर पाठवलं, पण तारीख काढायला ठाम नकार दिला.

आता मी राहतो त्या आखातातल्या ख्रिस्तसभेची थोडी पार्श्वभूमी. या भागाचं मिशन एडनहून चालायचं, १८८८ पासून. अबू धाबीतलं पहिलं चर्च १९६५ चं, दुबईच्या ऊद मेथातलं सेंट मेरीज १९६७ चं. दोन्हींसाठी जमीन तिथल्या शेखांनी दिली. २०११ पासून अमिरात, ओमान आणि येमेन मिळून दक्षिण अरबस्तानचं व्हिकॅरिएट (धर्मप्रांतासारखा विभाग), मुख्यालय अबू धाबी, सध्याचे बिशप पाओलो मार्तिनेल्ली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस अबू धाबीला आले आणि झायद स्पोर्ट्स सिटीतल्या मिस्साला सुमारे १,८०,००० लोक जमले. मीही होतो.

पण माझा खरा जीव अडकला आहे सर बनी यास बेटावर. अबू धाबीपासून पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर जबल धन्ना, तिथून बोट. हरणं आणि अरबी ओरिक्स मोकळे हिंडतात म्हणून पर्यटक जातात. मी गेलो एका पडक्या मठासाठी. १९९२ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणात तो सापडला आणि २०१० पासून लोकांना बघता येतो. सातव्या-आठव्या शतकातला, पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेचा. आमच्या कॅथलिक परंपरेहून वेगळी, पण नात्यातली. मधल्या अंगणात चर्च, भोवती खोल्या, गिलाव्यात घडवलेले क्रूस. थोडं दूर अंगणाची छोटी घरं, तिथं वडीलधारे संन्यासी एकांतात राहत असावेत. २०२५ मध्ये तिथं गिलाव्यातला आणखी एक क्रूस मिळाल्याचं जाहीर झालं, तेव्हा मी ऑफिसात उभ्या उभ्या बातमी तीनदा वाचली.

पहिल्यांदा, २०१२ मध्ये, मी त्या चर्चच्या मधोमध उभा राहिलो आणि मोबाईलवर दिशा बघितली. वेदी पूर्वेला. प्राचीन ख्रिस्ती माणूस पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करायचा, कारण वीज पूर्वेकडून चमकते तसा प्रभू येईल, असं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. म्हणजे त्या इमारतीच्या पायातच शेवटाची वाट बघणं बांधलेलं होतं. उठल्याबसल्या ते त्याच दिशेला तोंड करत होते.

आणि मातीतून वर काय आलं? मडकी. काचेची भांडी. माशांचे काटे, शेळ्यामेंढ्यांची हाडं. पाणी साठवायचे हौद. गोड्या पाण्याची वानवा असलेल्या बेटावर पावसाचा थेंब जपण्यासाठी या माणसांनी हिशेब केला होता. प्रभू आज रात्री येईल म्हणून कुणी हौद गळका ठेवला नाही. उम्म अल क्वैनच्या सिनिया बेटावर असाच दुसरा मठ सापडल्याचं नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं. तिथं बाप्तिस्म्याचं कुंड आणि भाकर भाजायची भट्टी असावी असं उत्खनन करणारे सांगतात. जवळच मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांचं गाव होतं. दोन्ही मठ हळूहळू ओस पडले. सर बनी यासला जाळपोळीची खूण नाही. लोक निघून गेले आणि वाळू आली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा माझ्याबरोबर विरारचा एक तरुण होता, नुकताच नोकरी लागलेला. शेवटाच्या व्हिडिओंनी त्याची झोप उडाली होती. घरी पैसे पाठवायचे सोडून तो डबाबंद अन्न घेत सुटला होता. मी त्याला काही समजावलं नाही, फक्त हौद दाखवला. बराच वेळ तो काठाशी बसून होता. परतीच्या बोटीत म्हणाला, "दादा, यांनी पाणी भरलं, म्हणजे उद्या प्यायला कोणीतरी असेल असं त्यांना वाटत होतं." वीस वर्षांच्या माझ्या वाचनात याहून नेमकं मला काही सापडलेलं नाही.

आखातात राहणाऱ्या माणसाला हे समजायला सोपं जातं. आमचं इथलं राहणंच मुदतीचं. नोकरी गेली की व्हिसा, व्हिसा गेला की घर. तरी आम्ही मुलांची शाळा बघतो, गॅलरीत तुळस आणि कढीपत्ता लावतो, गावच्या घराचा पत्रा बदलायला पैसे धाडतो. कपाटावर बॅग असते आणि ओट्यावर उद्याची डाळ भिजत असते. २०२२ च्या आधी इथं रविवार कामाचा वार होता आणि रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारी करायचो. नोव्हेंबर २०१९ मध्ये जगाच्या अंताचं शुभवर्तमान मी शुक्रवारी ऐकलं आणि खुद्द रविवारी सकाळी आठला पगारपत्रक तयार करत बसलो होतो. मला त्यात विसंगती वाटली नाही. पौलानं सांगितलेलं मी अक्षरशः करत होतो.

मावशी जून २०२५ मध्ये कायमची नंदाखालला गेली. जाताना त्या रात्रीची अर्धी जळलेली मेणबत्ती वर्तमानपत्रात गुंडाळून परत देऊन गेली; सोबत सुकटीची बरणी.

१६ नोव्हेंबर २०२५ ला, रविवारी, तीन वर्षांनी ती वाचनं पुन्हा येतात. सेंट मेरीजमध्ये पौलाचं पत्र आणि लूकचं शुभवर्तमान ऐकेन, मारियामातेपुढे मृतांसाठी मेणबत्ती लावेन. १७ तारखेला सोमवार. आमच्या कंपनीचं ऑक्टोबरअखेरच्या तिमाहीचं व्हॅटचं विवरण २८ च्या आत भरायचं आहे. त्या कामाला मी सोमवारी सकाळीच बसणार आहे.