कोलारच्या सोनेखाणी: शेवटचे दशक आणि नंतर

कर्नाटकातील कोलारच्या सोनेखाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. बंगळूरच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरची ही खाणनगरी, केजीएफ, मराठी प्रेक्षकांच्या तोंडी आली ती २०१८ आणि २०२२ मधल्या दोन कन्नड चित्रपटांमुळे. त्यांतली गुलामांची खाण कपोलकल्पित आहे. खऱ्या खाणीत पगारी कामगार होते, त्यांच्या युनियन होत्या आणि शेवटी त्यांना घरी बसवणारे सरकार होते.

आरंभीचा काळ चार ओळींत सांगता येतो. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या सीमेची मोजणी करताना लेफ्टनंट जॉन वॉरन याला मारिकुप्पमच्या आसपास सोने सापडत असल्याचे कळले. त्याने १८०२ मध्ये शोध घेतला. पुढे सत्तर वर्षे त्यातून विशेष काही निघाले नाही. मायकेल लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाने १८७५ मध्ये परवाना मिळवला, पण भांडवलाअभावी त्याचाही जोर ओसरला. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी उतरली आणि मग मात्र म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरिगाम, नंदीद्रुग या खाणी भरभराटीला आल्या. बंगारपेटहून १८९४ मध्ये रेल्वे आली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून वीज आणली गेली. खुद्द बंगळूरचे दिवे त्यानंतर तीन वर्षांनी लागले.

साहेबांसाठी बंगले आणि क्लब उभे राहिले. उत्तर अर्काट, सेलम भागांतून आलेल्या तमिळ कामगारांच्या वाट्याला एकेका खोलीच्या ‘लाइन्स’ आल्या. त्यांत दलितांची संख्या मोठी होती. म्हणूनच आंबेडकरी रिपब्लिकन पक्षाने महाराष्ट्राबाहेर जिथे आमदार निवडून आणले, त्यांत हे गाव आहे. चॅम्पियन रीफ पुढे सुमारे ३,२०० मीटर खोल गेली. तळाशी खडकाचे तापमान ६५ अंश सेल्सियसच्या घरात असे, त्यामुळे हवा थंड करून खाली सोडावी लागे. दाबाखालचा खडक अचानक फुटून माणसे गाडली जात. बचावलेल्यांना खडकाची बारीक धूळ गाठे. फुप्फुसांचा सिलिकोसिस हा इथला घरोघरचा आजार.

या खोलीचा एक उपयोग सोन्यापलीकडचा. वरच्या खडकाच्या थरामुळे अवकाशातून येणारे इतर कण गाळले जात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या साथीने इथेच १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली. सोन्याच्या हिशेबात ही कमाई कधीच धरली गेली नाही.

१९५६ मध्ये खाणी म्हैसूर राज्याकडे, १९६२ मध्ये केंद्राकडे आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीकडे गेल्या. एकेकाळी टनामागे ४५ ग्रॅमच्या पुढे सोने देणारा दगड शेवटी तीनेक ग्रॅमवर आला होता, हे खरेच. पण नव्वदच्या दशकाचा दोष निव्वळ दगडावर ढकलता येत नाही. १९९२ मध्ये प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेले. पुढची आठ वर्षे पुनरुज्जीवनाच्या गोष्टी चालल्या आणि २००० मध्ये कंपनी गुंडाळण्याची शिफारस झाली. जी कंपनी आज बंद होणार की उद्या, याचाच निकाल नाही, तिच्यात नवा पैसा कोण घालणार? शेवटी टाळे लागले तेही सोन्याच्या भावाने तळ गाठलेला असताना. २००१ मध्ये १० ग्रॅमचा भाव साडेचार हजारांच्या आत होता. २०२५ मध्ये तो लाखापलीकडे गेला. सुमारे १२० वर्षांत ८०० टन सोने देणाऱ्या गावाला भाव फिरेपर्यंत थांबण्याची सवलत मिळाली नाही.

पंप थांबले, खालचे बोगदे पाण्याने भरले. शाफ्टवरचे लोखंडी सांगाडे गंजत राहिले. माजी कामगार कंपनीच्याच खोल्यांत राहिले. त्या त्यांच्या नावावर करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. मुलांनी बंगळूर गाठले. पहाटे मारिकुप्पमहून सुटणारी गाडी भरून जाते आणि रात्री तशीच परतते; गावात उरलेला मोठा कारखाना म्हणजे १९६४ पासूनचा बीईएमएल.

आज गावाची मुख्य खूण म्हणजे सायनाइडच्या टेकड्या. दगडाचे पीठ करून, सायनाइडच्या द्रावणाने सोने काढून घेतल्यावर उरलेला हा राखी गाळ. वारा सुटला की तो घरांत, ताटांत, डोळ्यांत येतो. चित्रपटवाल्यांना मात्र हेच माळ आयते सापडले. अशा १३ ढिगाऱ्यांत मिळून सुमारे ३.३ कोटी टन गाळ आणि त्यात अंदाजे २३ टन सोने असल्याचे सांगितले जाते. ते उपसण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये संमती दिली. त्यात विचार झाला तो ढिगाऱ्यांवरच्या कामाचा. खोल खाणी पाण्याखालीच आहेत.