एक दसरा, चार घरं, एक वर्ग

दसरा जवळ आला की चंद्रपूर-गडचिरोलीत एकाच दिवसाचे किती अर्थ आहेत ते लख्ख दिसतं. शहरातल्या मैदानावर रावणदहनाची तयारी चालू असते. गोंड संघटना प्रशासनाला निवेदन देतात, की रावण आम्हाला पूज्य आहे, त्याला जाळू नका; गडचिरोली जिल्ह्यातल्या परसवाडीत तर त्याची पूजा होते. मुलचेरा-चामोर्शीकडे, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बंगाली गावांत, दुर्गेच्या विसर्जनाची लगबग असते. बौद्ध घरांत अशोक विजयादशमी असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, नागपुरात धम्मदीक्षा दिल्यावर दोनच दिवसांनी बाबासाहेब चंद्रपुरात आले आणि १६ तारखेला इथेही त्यांनी दीक्षा दिली. ती भूमी आज दीक्षाभूमी म्हणून ओळखली जाते आणि तिथेच डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे.

सुट्टी संपली की या चारही घरांतली मुलं एका बाकावर बसतात. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं ते याच दोन जिल्ह्यांसाठी. त्यामुळे इथल्या कुलगुरूंना, कुलसचिवांना आणि प्राचार्यांना धर्माचा प्रश्न टाळून कारभार करता येत नाही. तरी काही गैरसमज जागोजागी भेटतात.

सगळ्यात पहिला म्हणजे, ‘आपल्याकडे कुठे आहे हा प्रश्न? तो मोठ्या शहरांचा.’ दंगल झाली नाही म्हणजे प्रश्न नाही, असं यात गृहीत धरलेलं असतं. इथे तो प्रवेश अर्जाच्या रकान्यात, परीक्षेच्या वेळापत्रकात आणि वसतिगृहाच्या ताटात असतो. मूल त्याबद्दल मोठ्याने बोलत नाही. गप्प बसतं, आणि पुढच्या वर्षी येत नाही.

‘अर्जावर वेगळा धर्म लिहिला तर सवलत जाते’

ही भीती मी सर्वांत जास्त ऐकली आहे, आणि मुलांच्या मनात ती कधी कधी प्रवेशाच्या खिडकीमागूनच पेरली जाते. वस्तुस्थिती अशी, की अनुसूचित जमातीच्या घटनात्मक यादीला धर्माची अट नाही. अर्जावर हिंदू लिहिणारा गोंड, गोंडी धर्म किंवा कोया पुनेम लिहिणारा गोंड आणि ख्रिस्ती झालेला गोंड, तिघांनाही ती यादी सारखीच लागू आहे. केवळ धर्मांतराने जमातीचा दर्जा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सांगितलं आहे; जमातीच्या चालीरीतींशी आणि समाजाशी नातं टिकलं आहे का, हे पाहायचं असतं, आणि ते पाहण्याचं काम महाविद्यालयातल्या लिपिकाचं नव्हे. अनुसूचित जातींचा नियम निराळा आहे. तिथे धर्माची अट आहे, पण १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात सामावले गेले. म्हणजे ‘बौद्ध’ असं अभिमानाने लिहिणाऱ्या मुलीला ‘सवलत हवी तर हिंदू लिही’ असा सल्ला देणं चूक आहे, आणि अन्यायही.

मग आदिवासी हिंदू आहेत की नाहीत? यावर बाहेर तावातावाने वाद चालतात. गडचिरोलीतली किती तरी गोंड कुटुंबं महाशिवरात्रीला मार्कंड्याला जातात आणि घरी पेन, म्हणजे गोंडी देवही मानतात. चंद्रपूरचं महाकाली मंदिर तर गोंड राणी हिराईने बांधलेलं. दुसरीकडे, पर्सापेन हा थोर देव, पारी कुपार लिंगो हे धर्मगुरू, चार देवे ते सात देवे अशी कुळांची सगाव्यवस्था आणि त्यावर ठरणारी सोयरीक ही स्वतंत्र धर्मव्यवस्था आहे, असं सांगणारेही हजारो आहेत. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या दहा लाखांहून अधिक लोकांनी गोंड वा गोंडी हाच आपला धर्म म्हणून नोंदवला. विद्यापीठाने या वादाचा निकाल द्यायचा नाही. रकान्यात सहा ठरावीक धर्मांनंतर एक मोकळी ओळ ठेवायची आणि विद्यार्थी जे लिहील ते तसंच नोंदवायचं.

‘निधर्मी म्हणजे धर्माचं नावच काढायचं नाही’

राज्यघटनेचं कलम २८ नीट वाचलं तर असं निघत नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे खरं. पण धर्माची शिकवण देणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला. भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी, जैनांचं पार्श्वनाथ मंदिर आणि भद्रनागाचं देऊळ एकाच गावात आहेत. हे इतिहासाच्या वर्गात शिकवायचं नाही तर कुठे?

याच कलमाचा तिसरा भाग फारसा कुणाच्या ध्यानात नसतो. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. इथे अनेक कार्यक्रम राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेने सुरू होतात. मला ती प्रार्थना मनापासून आवडते. सगळ्यांनी एकत्र बसावं, याच तळमळीतून ती आली. पण ‘प्रार्थना सर्वांची आहे, मग हजेरी सक्तीची का नको’ हा युक्तिवाद घटनेत बसत नाही. जो मुलगा बाहेर उभा राहील त्याच्याकडे कुणी रोखून पाहणार नाही, याची काळजी प्राचार्यांनी घ्यायची.

पोशाखाबाबतही ‘सगळ्यांना एकच नियम’ एवढ्याने भागत नाही. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ला यांवर बंदी घातली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती दिली आणि टिळा-टिकलीचं काय, असंही विचारलं. कागदावर सारखा दिसणारा नियम नेमका कुणाला बोचतो, हे आदेशावर सही करण्याआधी पाहायला हवं.

‘सगळ्यांना सुट्ट्या दिल्या तर वर्ष संपेल’

सुट्ट्या वाढवाव्यात असं इथे कुणीच म्हणत नाही. अध्यापनाचे १८० दिवस भरायचेच आहेत. अडचण हुकलेल्या परीक्षेची आणि कापलेल्या हजेरीची आहे. माघ पौर्णिमेची गोंडांची कचारगडची यात्रा पंचांगात सापडते, ईद चंद्रदर्शनावर एक दिवस मागेपुढे होते, हे निदान माहीत असतं. पण माडिया गोंडांच्या गावातला पंडुम कुठल्याच कॅलेंडरात नाही. पेरणीआधी बियाण्याचा, नवा आंबा खाण्याआधी आंब्याचा, असे हे सण. दिवस गायता, म्हणजे गावचा पुजारी, आणि गाव मिळून ठरवतात, आणि त्यातले काही नेमके उन्हाळी परीक्षांच्या हंगामात येतात. एटापल्ली-भामरागडकडचा मुलगा गावी गेला की त्याच्या नावापुढे ‘विनाकारण गैरहजर’ पडतं. ग्रामसभेचं पत्र हा पुरावा मानावा, अंतर्गत चाचणी पुन्हा घ्यावी, आणि उन्हाळी वेळापत्रक लागण्याआधी परीक्षा विभागाने त्या तालुक्यांतल्या ग्रामसभांना एकदा विचारावं. यात पैसा जवळजवळ लागत नाही.

‘हे कुलगुरूंनी ठरवायचं’

सही त्यांचीच. ठरवण्याची रीत मात्र धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाकडून घ्यावी. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. तिथे अभ्यासगट आधी विषय समजून घेतो आणि ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय करते. विद्यापीठात बहुमत घेतलं तर लहान समाज दर वेळी हरणारच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितले आहेतच; त्या कक्षात चारही घरांतली मुलं, वसतिगृहाचे अधीक्षक आणि खानावळ चालवणारे यांना बसवून असा अभ्यासगट करता येईल. आवारात रावणदहनाची परवानगी मागितली गेली तर काय उत्तर द्यायचं, हा पहिला विषय घ्यावा. आणि ती बैठक ऑगस्टमध्ये व्हावी, दसऱ्याच्या आदल्या रात्री नव्हे.