वलांडीवर वाळणारी कमाई

लातूर-नांदेडकडच्या आठवडी बाजारात एका कोपऱ्याला सुकट-बोंबील घेऊन बसलेली बाई असतेच. लातूर जिल्ह्यातल्या जळकोटपासून समुद्र चारशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. तळ्याधरणातली ताजी मासळी भोई आणून देतात, पण डब्यात भरून ठेवता येते ती ही सुकी. तव्यावर भाजलेली सुकट, वर लाल तिखट आणि ज्वारीची भाकरी, एवढ्यावर पावसाळ्यातलं एक जेवण निभतं. ही मासळी ज्या गावांतून येते, त्या गावांची मात्र घाटावर फारशी कुणाला माहिती नसते.

त्यांपैकी एक गाव चक्क बेटावर आहे. पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात, वैतरणा नदीच्या मुखाशी अर्नाळा किल्ला नावाचं छोटं बेट आहे. 1737 मध्ये मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतलं आणि किल्ला नव्याने बांधला. उत्तरेच्या दरवाजावर बाजीरावांचं नाव असलेला शिलालेख आणि वाघ-हत्तींची शिल्पं अजून आहेत. पर्यटक ती बघून परततात. तटाबाहेर कोळ्यांची वस्ती आहे, तिची स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. विरारची लोकल इथून फार लांब नाही, तरी मधली खाडी ओलांडायला होडीच लागते. बोटीत चढा-उतरायला गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं कंबरभर पाणी तुडवलं आहे. त्यात दप्तर डोक्यावर घेतलेली पोरं आली, बाळंतपणाला निघालेल्या बायकाही आल्या. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही गाव इतकं एकाकी राहावं, याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

इथला दिवस घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी संथ होतं.

या ओढीवरच डोल जाळं चालतं. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांब जाळं. समुद्राच्या तळाशी ठोकलेल्या खुंटांना त्याचं तोंड बांधतात आणि ते प्रवाह येतो त्या बाजूला उघडं ठेवतात. जाळं मासळीमागे धावत नाही, पाणीच मासळी त्यात आणून सोडतं. प्रवाह थांबून उलटण्याच्या आत जाळं ओढून रिकामं करावं लागतं, मग ती वेळ रात्री दोनची का असेना. बोंबील, जवळा, मांदेली ही सगळी डोलीची कमाई. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पुन्हा हंगामाची लगबग सुरू.

मासळी किनाऱ्याला लागली की पुरुषांचं काम बरंचसं संपतं आणि बायकांचं सुरू होतं. ओल्या बोंबलात 85 ते 90 टक्के पाणीच असतं. तो काही तासांत मऊ पडतो, म्हणून जो ताजा विकला जात नाही तो लगेच वाळत घालावा लागतो. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, या मांडणीला वलांडी म्हणतात. बाई दोन बोंबील उचलते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते. ना मीठ, ना काही. दात बारीक आणि आत वळलेले असल्याने जोडी वाऱ्यानेही सुटत नाही. दिवसभर हेच करून बोटं सोलवटतात. ऊन-वारा चांगला असला तर दोन-चार दिवसांत बोंबील कडक वाळतो. जवळा जमिनीवर पसरतात आणि पुन्हा पुन्हा हलवतात. पुढची विक्रीही बहुतेक बायकांच्याच हाती असते.

म्हणजे या गावाला समुद्राइतकीच गरज आहे मोकळ्या, कोरड्या जागेची. नेमकी तीच कमी होते आहे. अर्नाळ्याच्या बेटाचा किनारा लाटा खात चालल्या आहेत. घरं समुद्रात गेली आहेत आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी जुनी आहे. त्यात अवकाळी पाऊस. डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला पालघर-मुंबईच्या किनाऱ्यावर ऐन हंगामात पाऊस कोसळला आणि वलांडीवरचे बोंबील भिजून कुजले. कापून गंजी लावलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला की जळकोटच्या शेतकऱ्याच्या पोटात जे होतं, तेच इथे होतं. शेतकऱ्याच्या बांधावर निदान तलाठी पंचनाम्याला येतो, निदान तशी पद्धत तरी आहे. वाळत घातलेल्या मासळीचं नुकसान भरपाईच्या नियमांत बसवायला मात्र कोळ्यांना दरवेळी झगडावं लागतं. होडी फुटली तर ती दिसते. भिजलेली मासळी दोन दिवसांत पुरावी लागते, मग दाखवायचं काय?

22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज, विमा यांत सवलतीची वाट त्यामुळे मोकळी झाली. निर्णय चांगलाच आहे. पण त्याचा लाभ केवळ होडी आणि जाळं नावावर असलेल्यांपर्यंत थांबला, तर वलांडीवर राबणारी बाई पुन्हा कागदाबाहेर राहील, कारण तिच्या नावावर ना होडी असते, ना वाळवणाची जमीन. तेव्हा शेतीचा दर्जा दिलाच आहे, तर वाळवणाच्या जागा गावनकाशावर राखून ठेवाव्यात, अवकाळीनंतर चोवीस तासांत वलांडीवरच पंचनामा व्हावा आणि भरपाई मासळी वाळवणाऱ्या बाईच्या खात्यात जमा व्हावी.