लहान मेंदूतील रक्तवाहिन्यांची विकृती : रचना व परिणाम

तेर ही संत गोरोबाकाकांची भूमी. चाकावर मडके घडविताना कुंभाराच्या बोटांचा दाब नेमका राहतो. हालचालींतील हा मेळ साधण्याचे कार्य प्रामुख्याने लहान मेंदू करतो. त्यातील रक्तवाहिन्यांच्या एका विकृतीची रचना स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लहान मेंदू कवटीच्या मागील खालच्या पोकळीत, मेंदूस्तंभाच्या पाठीशी असतो. त्याचा मधला भाग धडाचा तोल सांभाळतो, तर प्रत्येक गोलार्ध त्याच बाजूच्या हातापायांच्या हालचाली सुसूत्र ठेवतो. प्रत्येक बाजूस ऊर्ध्व, अग्र-अधर व पश्च-अधर अशा तीन धमन्या त्यास रक्त पुरवितात. पहिल्या दोन सामान्यतः बेसिलर धमनीपासून, तर तिसरी वर्टिब्रल धमनीपासून निघते.

पाटाचे पाणी जसे सरींतून मंदावत शेतात मुरते, तसे धमनीतील रक्त केशवाहिन्यांत मंदावून मग शिरेत जाते. धमनी-शिरा विकृतीत केशवाहिन्याच नसतात. तेथे वाहिन्यांचा गुंता असतो व धमनीचे रक्त वेगाने थेट शिरेत शिरते. शिरेची पातळ भिंत हा दाब सोसण्यासाठी घडलेली नसल्याने ती फुगते आणि प्रसंगी फुटते.

येथे जागेची अडचण निर्णायक ठरते. लहान मेंदूच्या पुढे चौथे मस्तिष्कविवर व त्यापुढे श्वसनाचे नियंत्रण करणारा मेंदूस्तंभ आहे. साकळलेल्या रक्ताने विवराचा मार्ग अडल्यास मेंदूत पाणी साचते. मेंदूस्तंभ दबल्यास श्वास थांबू शकतो. म्हणूनच अल्प रक्तस्रावही प्राणघातक ठरू शकतो.

स्पेट्झलर व मार्टिन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रतवारीत गुंत्याचा आकार, लगतच्या भागाचे महत्त्व आणि खोल शिरांकडील निचरा हे तीन निकष आहेत. लहान मेंदूतील खोलवरची केंद्रके व त्यास मेंदूस्तंभाशी जोडणारे देठ महत्त्वाचे गणले जातात. शस्त्रक्रिया, वाहिनी आतून बंद करणे व केंद्रित किरणोपचार हे उपाय असून किरणोपचाराने गुंता बंद होण्यास बहुधा दोन-तीन वर्षे लागतात.

अकस्मात तीव्र डोकेदुखी, उलट्या व झोकांड्या यांना खेड्यात अनेकदा पित्त, चक्कर वा मद्याचा अंमल समजले जाते. रचना ध्यानी घेता ही चूक जिवावर बेतू शकते. तेरसारख्या गावातून मेंदूशल्यचिकित्सकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतोच; तो घरीच दवडू नये, हेच या विवेचनाचे सार होय.