कोंबड्याचा तुरा आणि वृषणातली गाठ

सहा-सात वर्षांच्या मुलाचा आवाज फुटला, अंगावर लव आली आणि सोनोग्राफीत वृषणात बारीक गाठ दिसली, तर अख्खं वृषण काढावंच लागतं का? एका वाचकाचा हा प्रश्न.

उत्तराआधी थोडं कोंबड्यांकडे वळू. गॉटिंगेनच्या आर्नोल्ड बर्थोल्डने सहा कोंबडे घेतले. खच्ची केलेल्यांचा तुरा सुकला, आरवणं आणि भांडणं थांबली. पण ज्यांच्या पोटात एक सुटं वृषण ठेवलं होतं, ते तोऱ्यात आरवत राहिले. जुन्या मज्जातंतूंशी संबंध तुटला होता, म्हणजे निरोप रक्तातूनच जात असणार! हे १८४९ साली. रक्तातून जाणाऱ्या अशा निरोपासाठी ‘हार्मोन’ हा शब्द यायला १९०५ उजाडलं. बर्थोल्डला मात्र कित्येक दशकं कुणी विचारलं नाही. १८५० मध्ये फ्रान्झ लायडिशने वृषणातल्या नलिकांमधल्या जागेतल्या पेशींचं वर्णन केलं. त्याचं नाव त्या पेशींना चिकटलं, पण त्या करतात काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

वृषणाच्या गाठींपैकी १ ते ३ टक्के याच पेशींच्या, म्हणजे लायडिश गाठी. त्या टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन ओतत राहतात, म्हणून लहान मुलाचा आवाज अवेळी फुटतो. पिट्यूटरी ग्रंथी वृषणाला हुकूम देणारा आपला एलएच हार्मोन आवरता घेते. प्रौढांत त्याच गाठीमुळे इस्ट्रोजेन वाढून स्तन वाढतात, मूल होण्यात अडचण येते.

बर्थोल्डचे कोंबडे एका वृषणावर निभावले, म्हणून दुसरं काढायला काय हरकत, असं वाटू शकतं. मोठ्यांत बहुतेक गाठी कर्करोगाच्या असतात, तिथे जांघेतून अख्खं वृषण काढणं रास्तच. पण लहान मुलांतली लायडिश गाठ जवळजवळ कधीच कर्करोगाची नसते. तिच्यापायी निरोगी भागाचा बळी का? उद्या उरलेल्या वृषणाला इजा झाली तर?

म्हणून छेद जांघेतच घेतात, रक्तपुरवठा थोडा वेळ रोखतात, गाठ सोलून काढतात आणि लगेच फ्रोझन सेक्शनला पाठवतात. कौतुक सर्जनचं होतं; वृषण राहणार की जाणार, हे बरंचसं ठरतं ते गोठवलेल्या चकतीकडे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या शब्दावर. प्रौढांत दहातली एखादी लायडिश गाठ घातक निघते आणि तिला केमो किंवा रेडिएशन फारसं दाद देत नाही, त्यामुळे तिथे वृषण वाचवण्याच्या बाबतीत हात आखडता घेतलेलाच बरा.

जन्मजात अ‍ॅड्रिनल विकारातल्या हुबेहूब दिसणाऱ्या गाठी तर पुष्कळदा स्टेरॉइडच्या गोळ्यांनीच आटतात. सुरी उचलण्याआधी त्या विकाराची तपासणी हवीच.

गाठ गेल्यावर टेस्टोस्टेरॉन उतरतं, पण तोवर मुलाची हाडं वयापेक्षा पुढे गेलेली असतात. कधी मेंदूच खरं वयात येणं लवकर सुरू करतो. म्हणून टाके सुकल्यावरही हार्मोनतज्ज्ञाकडे काही वर्षं जावं लागतं.