टोकं नसलेला मफलर: क्रोशाचा काऊल

ऐकता ऐकता टाके मोजायला गेलं की दोन्हीकडचं हुकतं, म्हणून हा भाग लिहूनही देतेय. इअरफोन लावून विणायला बसलात तरी हे पान मोबाईलवर उघडं ठेवा.

तुम्हाला साखळी, मुका खांब आणि खांब येतात, एखादा चौकोनी रुमाल विणून झालाय, असं धरून चालते. काऊल म्हणजे गळ्यात घालायचं लोकरीचं कडं. ना गाठ, ना लोंबणारी टोकं. ही टोकं नसणंच माझ्यासाठी महत्त्वाचं होतं.

आमचं गाव निफाडजवळ. थंडीत तिथला पारा एक आकड्यावर येतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अण्णा पहाटे पाचला मोटरसायकलवर मळ्यात जातात. गेल्या डिसेंबरात त्यांच्या मफलरची गाठ सुटली, मफलर खांद्यावरून घसरला आणि थेट मागच्या चाकात गेला. नशीब, गाडी बांधावर वळत होती, वेग नव्हता. अण्णा हसत हसत सांगत होते, पण आई त्या दिवशी जेवली नाही. मी पुण्यात बसून ठरवलं, आता यांना काऊलच.

आणि पहिलाच फसला.

मी काय केलं, आईला फोन करून अण्णांच्या गळ्याचं माप विचारलं. 39 सेंटीमीटर. त्या मापाने बारीक सुईवर घट्ट मुक्या खांबांचा सुंदर पट्टा विणला, जोडला, गावी घेऊन गेले. तो अण्णांच्या कपाळाखाली उतरेचना. म्हणाले, "पोरी, हे माझ्या गळ्यात घालायचं का बैलाच्या शिंगात?" गळ्यापर्यंत पोचायला डोक्यावरून जावं लागतं, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. तर माप डोक्याचं घ्यायचं, कपाळावरून कानांच्या वरून टेप फिरवून. अण्णांचं 58 भरलं.

आता तुम्ही म्हणाल, 58 चा काऊल गळ्याभोवती ढगळ होणार नाही का? होईल. म्हणून वीण ताणणारी हवी. डोक्यावरून जाताना ताणली पाहिजे आणि गळ्यात आली की परत आवळली पाहिजे. त्यासाठी अर्धा खांब घ्यायचा, तोही फक्त मागच्या कडीतून. टाक्याच्या डोक्यावर आडव्या व्हीसारख्या दोन कड्या दिसतात. तुमच्याकडची ती पुढची, पलीकडची ती मागची. नेहमी आपण दोन्हींखालून सुई घालतो. इथे फक्त पलीकडची उचलायची. पुढची मोकळी राहते, तिची रेघ उमटते आणि कापड बाजाच्या भात्यासारखं ताणतं.

अर्धा खांब येत नसेल तर: सुईला दोरा गुंडाळा, टाक्यात सुई घालून दोरा बाहेर ओढा, सुईवर तीन फास झाले. पुन्हा दोरा घ्या आणि तिन्हींतून एकदम काढा. झाला. खांबाहून बुटका, मुक्या खांबाहून उंच. पूर्ण खांबाची वीण भरभर वाढते, पण मध्ये फटी राहतात आणि गाडीवर वारा बरोबर त्या फटी शोधतो. ऊब येते ती लोकरीत अडकून राहिलेल्या हवेमुळे. वारा आरपार गेला की ती हवाच निघून जाते.

परदेशी व्हिडिओ बघणाऱ्यांनो, सांभाळा. आपल्या खांबाला अमेरिकेत डबल क्रोशे म्हणतात, ब्रिटनमध्ये ट्रेबल. आणि ब्रिटनचा डबल म्हणजे आपला मुका खांब! व्हिडिओ कुठला आहे ते आधी बघा. आपली मराठी नावं या भानगडीतून सुटलेली आहेत.

सामान थोडंच आहे. मध्यम जाडीची लोकर, वेष्टनावर 4 हा आकडा असलेली, 100 ग्रॅमचे दोन गुंडे. मला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लागली. सुई साडेपाच मिलिमीटरची. आजीच्या तोरणाची स्टीलची बारीक सुई इथे चालणार नाही, आणि तोरणाचा घट्ट हातही नाही. हात सैल सोडा.

आधी नमुना विणा. कंटाळा येतो, माहितीये, मलाही येतो. पण 18 टाके आणि 12 ओळींचा चौकोन अर्ध्या तासात होतो, आणि तो न विणल्याने माझा आठवडा गेला होता. मधल्या भागात 10 सेंटीमीटर मोजा. माझ्या हाताने त्यात 13 टाके आणि 9 ओळी बसतात. तुमच्या वेगळ्या बसल्या तर तुमचे आकडे धरा.

आता हिशोब. पट्टा आडवा विणायचा, म्हणजे साखळीची लांबी ही काऊलची उंची आणि ओळी वाढतील तसा घेर वाढतो. उंची 25 सेंटीमीटर पुरे, त्याचे 32 टाके. घेर डोक्याच्या मापातून 5 वजा करून घ्या. अण्णांचा 53 झाला, त्याच्या साधारण 48 ओळी. ओळी सम ठेवा, म्हणजे जोडावर रेघा नीट जुळतात.

33 साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब, मग शेवटपर्यंत, एकूण 32. जमलं तर साखळीच्या पाठीवरच्या उंचवट्यात विणा, जोडताना कड स्वच्छ मिळते. ओळ संपली की एक साखळी, पट्टा वळवा, मागच्या कडीतून परत 32. वळणाची साखळी टाका म्हणून मोजायची नाही. पहिला आणि शेवटचा टाका मात्र दोन्ही कड्यांतून घ्या, कडा ढिल्या पडत नाहीत.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. वळवल्यावर पहिला टाका दबून बसतो, दिसत नाही, आपण तो सोडतो. दहा ओळींनी बघावं तर पट्ट्याचा समोसा झालेला! दोन्ही कडांच्या टाक्यांत खुणेला सेफ्टी पिन अडकवा आणि पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक वेळी मोजा. चुकलं तर उसवा. उसवायला लाज कसली?

48 ओळी झाल्या की दोरा न तोडता पट्टा दुमडा, शेवटची ओळ सुरुवातीच्या साखळीला लावा. पीळ पडला नाही ना, हे आत्ताच बघा. दोन्ही कडांतून सुई घालून 32 स्लिप स्टिच, सैल हाताने. घट्ट घातल्यात तर कड आकसते. मग एक वीतभर दोरा ठेवून कापा आणि लोकरीच्या सुईने उलटसुलट विणीत लपवा.

ॲक्रिलिक लोकर स्वस्त, टोचत नाही, धुवायला सोपी. पण तिला गरम इस्त्री लावू नका. माझा एक काऊल इस्त्रीखाली असा लुळा पडला की पुन्हा आवळलाच नाही. आणि शेकोटीपाशी बसताना ॲक्रिलिक काढून ठेवा, ते पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. रोज शेकोटीशी काम असणाऱ्यांसाठी खरी मेंढीची लोकर घ्या. ती सहज पेटत नाही. टोचते म्हणून आत सुती रुमाल. अण्णांसाठी मी शेवटी तीच वापरली.

गाडीवाल्यांनो, आधी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट लावा, मग काऊल वर ओढा. पट्ट्याखाली लोकर दबली तर पट्टा सैल बसतो.

अण्णा आता तो घालूनच झोपतात, अशी आईची तक्रार आहे. आणि तिलाही हवाय. तिचं डोकं 54. वजा 5, राहिले 49, त्याच्या 44 ओळी. आज रात्री साखळी घालतेय.